नेलपॉलिशची रेघ

टप्. स्वयंपाकघरातल्या शांततेत फिल्टरच्या काचनळीतून थेंब पडला, तिने मान वर करून नळीकडे पाहिलं. नळीतले मणी मुळात पांढरे, स्पंजासारखे सच्छिद्र, बोअरच्या पाण्यातलं युरेनियम धरून ठेवणारे; तिनेच प्रयोगशाळेत बनवलेले. भरत आले की वरून पिवळे पडत जायचे. पिवळा रंग नळीवर ओढलेल्या नेलपॉलिशच्या रेघेला टेकला की मणी बदलायचे, हा तिचाच दंडक. पंधरा दिवस ती घरोघरच्या नळ्या तपासत हिंडली. दिव्याखाली मात्र अंधार. रेघ ओलांडून तळाचा मणीसुद्धा पिवळा झाला होता. “पेला ठेव आधी!” ती ओरडली. लेकीने दचकून ठेवला. तो रिकामा होता. “रागावले नाही गं चिमणे. मणी भरलेत, त्यांच्यात आता काही मावत नाही.” लेक ओठ पुसत नळीला नाक लावून बघत राहिली. “मग न मावलेलं कुठे गेलं, आई?”