शेवटचा अंक
“बाई, सापडलेल्या सगळ्यांत मोठ्या मूळ संख्येचा शेवटचा अंक कोणता?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून विचारलं. पुढच्या वर्षी मी गणित सोडणारच होते, मग भीती कसली? बाईंनी खडू माझ्या हातात दिला. “कोट्यवधी अंक आहेत तिच्यात. एका प्रचंड विषम संख्येइतके दोन घेऊन एकमेकांशी गुणायचे, मग एक वजा करायचा. काढ तूच.” “गेली ही कामातून,” मागून कुजबुज आली. मी फळ्यावर गुणत सुटले. शेवटचे अंक दोन, चार, आठ, सहा असेच गोल फिरत होते. विषम वेळी दोन किंवा आठ. “वजा करून एक नाहीतर सात,” मी म्हणाले. “एकच,” बाई हसल्या. “किती दोन गुणायचे ती विषम संख्या एक्केचाळीसने संपते. सात का नाही, उद्या सांग.” वर्षभर वाचूनही न संपणाऱ्या संख्येचं शेपूट मी पकडलं होतं. घरी चपलांसकट आत शिरले. “आईबाबा, मी गणित सोडत नाहीये.”