मागचे वरिष्ठ

आई झालेल्या बायकांना नोकऱ्या मिळवून देणाऱ्या त्या साइटवर मधली सहा वर्षं भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता. शर्वरीने लिहिलं, पद: आई. मागचे वरिष्ठ: कु. इरा. नंबर स्वतःचाच दिला.

चौकशीचा फोन आला तेव्हा ती गच्चीवर चादरी वाळत घालत होती. चादरी ढगांसारख्या फुगल्या होत्या आणि त्यांच्या पलीकडे इराने फोन उचलून स्पीकरवर टाकला होता. मध्ये पडावं, तर फॉर्म खोटा ठरणार आणि नोकरी जाणार. शर्वरी ढगाआड गप्प उभी राहिली.

"इरा मॅडम का? शर्वरीताई तुमच्याकडे होत्या ना?"

"अजून आहे."

"काम कसं आहे त्यांचं?"

"भेंडी सोडून सगळं चांगलं."

"वेळेवर येतात?"

"ती जातच नाही कुठे."

फोनवरच्या बाईमागे एक बाळ रडत होतं.

"मग त्यांना आम्ही नेलं तर चालेल?"

इराने चादरीखाली दिसणाऱ्या आईच्या पावलांकडे बराच वेळ पाहिलं.

"न्या. पण सहाला परत आणून द्या."

सोमवारी नेमणूकपत्र आलं. कलम अकरा: कर्मचाऱ्यास रोज सायंकाळी सहा वाजता मूळ मालकाकडे परत करण्यात येईल.

इराने सगळी कलमं आईकडून मोठ्याने वाचून घेतली आणि मगच जांभळ्या खडूने सही केली.