बिनशॉकपची सायकल

सड्यावर, उघड्या कातळमाळाच्या टोकाला, मंगेशने जानकीला मुद्दाम तीच सायकल दिली. बाकीच्या सगळ्यांना पुढे शॉकप, हिच्या पुढच्या चाकाच्या चिमट्यात स्प्रिंगचं नाव नाही. पर्यटक हात लावत नाहीत म्हणून शेडमागे पडून होती.

“खालच्या पाणंदीपर्यंत उतर,” तो म्हणाला. “मदी पाय टेकलो, तर उद्याची फेरी गुरुदास नेतलो. तू आपले घावणे काढ.”

घावणे ती काढतच आली होती. तोंडवलीत उतरलेले पाहुणे ते खाऊन मंगेशच्या सायकलींवर गुरुदासच्या मागोमाग रान बघायला निघायचे आणि ही मागे तवे घासायची. यंदा तिने सरळ विचारलं, फेरी मी का नेऊ नये? मंगेश हसला. चुलत दीर झाला म्हणून काय झालं, ते हसणं तिच्या डोक्यात गेलं होतं.

“वयनी, हात मोडलो तर दादाक काय सांगू?”

“सांग, हात तिचोच होतो.”

ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि ती सुटली.

पहिल्याच खड्ड्यात दात वाजले. जांभ्याचा खडबडीत कातळ तो, प्रत्येक दणका हँडलातून मनगटात आणि तिथून थेट खांद्यात. तिने मुठी आवळल्या, तसा मार वाढला. सायकल काजीच्या झाडाकडे ओढायला लागली. टेकावा का पाय? टेकला असता तर कुणी मेलं नसतं. फक्त जन्मभर घावणे.

“मेल्या, बघीत रव,” ती पुटपुटली. सीटवरून उठली, कोपरं सैल सोडली. दणके कमी झाले असं नाही, पण आता ते गुडघे आणि कोपरं वाटून घेत होती. चाक धडधडत का होईना, ती वळवेल तिथे वळत होतं. भीती होतीच, रागही होता, आणि खरं सांगायचं तर मजाही येत होती.

पाणंदीत थांबल्यावर बोटं हँडलवरून सुटेनात. मंगेश त्याच्या शॉकपवाल्या सायकलवरून आरामात मागोमाग आला.

“उतारलंस खरी,” तो म्हणाला. “पण एकदा जमला म्हणान पाहुण्यांका नेवक जमतला, असा नाय. बघूया फुडल्या वर्साक.”

जानकीने घाम पुसला.

“ह्या सायकलीन तू कधी उतारलस?”

मंगेश वाकून आपल्या सायकलची चेन बघायला लागला.

“मगे माका जमता काय नाय, तां तू कसां सांगतलंस?”

उत्तराची वाट न बघता तिने सायकल वळवली आणि ढकलत पुन्हा चढ चढायला लागली.

“आता खंय चललंस?”

“वर. उद्या पाहुण्यांका खयसून उतरवचां, तां बघूक नको?”