कंदासकट

सौरपट्ट्यांसाठी डोंगराचा उतार साफ करणारं यंत्र किंजळीच्या झाडाला वळसा घालून पुढे सरकलं. ज्या जातींची नोंद झालेली आहे, त्यांचीच झाडं ते सोडायचं. बाकी सगळं त्याच्या लेखी तण.

वनस्पतिशास्त्रज्ञ वैजयंती सोमण गुडघे टेकून रानआल्याच्या एका रोपाच्या बुडाशी वाकली होती. मातीलगत एकच फूल उमललं होतं, पिवळं, आत तांबडे ठिपके असलेलं. असं फूल तिने कुठल्याच जातीत पाहिलं नव्हतं.

“मॅडम, आटपा!” यंत्रावर देखरेख करणारा मुजावर ओरडला. “मला ते थांबवता येत नाही. एकदा जात नोंदवा, मग तिच्या एकाही रोपाला ते हात लावणार नाही.”

नोंदणीला नमुना लागायचा, तोही कंदासकट. वैजयंतीने सवयीने अख्खं रोप खणून काढलं, कंद उभा चिरला, फूल स्पिरिटमध्ये बुडवलं आणि रोप सापडल्याच्या जागेसकट वर्णन पाठवलं. उतारावर अशी आणखी रोपं असणारच, हे ती धरूनच चालली होती.

यंत्र अगदी जवळ आलं, तेवढ्यात त्याच्यावरचा हिरवा दिवा लागला.

“झाली नोंद!” मुजावर म्हणाला. “आता जिथे ही जात दिसेल तिथे बाजूला होईल बघा.”

दोघं बघत राहिले. यंत्र उतार खरवडत पार खालपर्यंत गेलं. वाटेत ते एकदाच बाजूला झालं. नोंदीत लिहिलेल्या जागेवर, तिने नुकत्याच खणलेल्या खड्ड्याला जपून वळसा घालून.