सहाची ओळ

संदेश पाठवणारी स्क्रिप्ट हाताने चालवली की पळायची. आत्ताही पळाली. सिस्टिमवाल्या मॅडमच्या डोळ्यांदेखत साठच्या साठ संदेश तयार झाले: आज कोणत्या पेशंटने किती वाजता डायलिसिसला यायचं, कोणत्या मशीनवर. फक्त सकाळी सहाला, जेव्हा तिने आपणहून पळायचं, तेव्हा बया ढिम्म हलत नव्हती. आज सोळावा दिवस.

"बारापर्यंत मला कारण हवंय," मोठे डॉक्टर दारातूनच म्हणाले. "नाहीतर नव्या सेंटरला दुसऱ्या कुणाला पाठवावं लागेल. परवा सकाळच्या पाळीतल्या त्या मास्तरांना संदेश वेळेत गेला नाही, ते डायलिसिसला आलेच नाहीत. काल उचलून आणावं लागलं. मी किती दिवस सांभाळून घेऊ?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. दुसऱ्या शहरातलं नवं सेंटर उभं करायला सात जणांतून तिची निवड झाली होती, आणि तिला रोजचा साधा संदेश पाठवता येत नव्हता. डॉक्टर गेल्यावर तिने बाबांना फोन लावला. बाबा निवृत्त झाले असले तरी डोकं अजून तल्लख होतं. लिनक्स तिला त्यांनीच शिकवलं होतं. गेले पंधरा दिवस ते रोज नवा उपाय सांगत होते. टाइमझोन बघ. पाथ पूर्ण लिही. परवानग्या तपास. तिने सगळं इमानेइतबारे केलं होतं.

"आज ठरल्या वेळी कामं चालवणारी ती सर्व्हिसच बंद करून परत चालू कर," बाबा म्हणाले. "आणि माऊ, नाही जमलं तर नाही जमलं. जिवाला लावून घेऊ नकोस. इथलं काय वाईट आहे?"

तिने तेही केलं. पण त्याच मशीनवरचा रात्री बाराचा बॅकअप एकदाही चुकला नव्हता, म्हणजे सर्व्हिस धडधाकटच होती. हे बाबांच्या लक्षात कसं आलं नाही, याचं तिला नवल वाटलं.

आजवर लॉगमध्ये, म्हणजे मशीनने ठेवलेल्या नोंदींत, ती फक्त सहाच्या आसपासच शोधत आली होती. आज तिने आदल्या संध्याकाळपासून एकेक ओळ वाचायला घेतली. संध्याकाळी सात चाळीस: कामांचं वेळापत्रक उघडलं, बदललं, बंद केलं. सकाळी सात पाच: पुन्हा उघडलं, बदललं, बंद केलं. नाव तिचंच. आदल्या दिवशीही तसंच, त्याच्या आदल्या दिवशीही.

बॅकअपमधून तिने रात्रीच्या वेळापत्रकाची प्रत काढली. सहाची ओळ जागेवर होती, पण तिच्यापुढे एक हॅशचं चिन्ह होतं. ते लावलं की मशीन ती ओळ वाचतच नाही. नऊला मॅडम कामावर येईपर्यंत चिन्ह गायब व्हायचं आणि ओळ पुन्हा साळसूद दिसायची.

पासवर्ड फुटला की काय? लॉगिन कुठून झालं, ते तिने पाहिलं. तिच्या घरून. संध्याकाळी सात चाळीसला ती चालायला गेलेली असते. सकाळी सात पाचला अंघोळीला. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर असतो आणि घरात माणसं दोनच.

ती रडली नाही. राग मात्र आला. पंधरा दिवस ती एकेक उपाय करून बघत होती, आणि एकानेही काही होणार नाही हे सांगणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. काल जेवताना तिच्या पाठीवरून हातसुद्धा फिरवला होता त्यांनी. मास्तरांबद्दल तिने तेव्हाच सांगितलं होतं. बाबांनी भात कालवता कालवता "अरेरे" म्हटलं होतं.

पावणेबाराला तिने पासवर्ड बदलला आणि कागदावर तीन वाक्यं लिहून डॉक्टरांपुढे ठेवली: माझ्या लॉगिनवरून वेळापत्रक बदललं जात होतं. पासवर्ड मी घरी सांगितला होता. चूक माझी. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला.

"उद्या सहाला संदेश जाऊ द्या," ते म्हणाले. "मग नव्या सेंटरचं बोलू."

जिन्यात येऊन तिने फोन लावला.

"सापडलं, बाबा."

"काय होतं गं?"

"ओळीपुढे हॅश होतं. रोज संध्याकाळी लागायचं, सकाळी निघायचं."

"अरेच्चा! असं कोण करेल?"

तिने वाट पाहिली. बाबा आणखी काही बोलतील असं तिला अजूनही वाटत होतं.

"मी पासवर्ड बदललाय," ती शेवटी म्हणाली.

"छान केलंस." खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग खण उघडल्याचा. "हं, सांग, लिहून घेतो. अडीअडचणीला घरात एकाला तरी माहीत असावा."