चार बदाम

"तुझंच पान येणार बघ, आई," असं म्हणत लेकीनं आपली पानं पालथी टाकली. मुलानंही टाकली. त्याची पानं चांगली होती. चांगली पानं आली की त्याचे कान लाल होतात, हे शिंपीणबाईला तो शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. तिनं मधे कोटाची दोन बटणं काय ती सरकवली होती, आणि दोन बटणांना भिऊन हा एवढा मोठा बाप्या पळाला.

"काय रे, पानं जड झाली का हाताला?"

"नाही गं, काहीच नव्हतं माझ्याकडे," तो लाल कानांनी म्हणाला.

कापड बेतायचं लांबलचक टेबल सुट्टीच्या दुपारी रिकामं असायचं, आणि त्यावर पत्त्यांचा ओमाहा रंगायचा. बाईचा नवरा जहाजावर शिंपी होता. हा खेळ त्यानं तिकडून आणला, बायकोला शिकवला आणि पुढं जन्मभर पस्तावला. प्रत्येकाच्या हातात चार पानं, टेबलावर हळूहळू पाच उघडायची. हातातली दोन आणि टेबलावरची तीन घेऊन डाव लावायचा. एक जास्त नाही, एक कमी नाही. आणि मधे जेवढा ढीग, म्हणजे पॉट, असेल, तेवढ्यापर्यंतच लावायचं; समोरच्यानं तेवढंच घालायचं, नाहीतर पानं टाकायची. पैशाला या घरात टेबलावर कधी जागा मिळाली नाही. बटणं लावायची.

हिवाळ्यात बाईला झटका आला. तोंड जरा एका बाजूला ओढलं गेलं, बोलणं सावकाश झालं. तेव्हापासून दुकानातल्या मोठ्या कात्रीला तिला कुणी हात लावू दिला नव्हता. "तू बस आई, आम्ही बघतो." आणि तेव्हापासून ती एकही डाव हरली नव्हती. बटणांची बरणी गच्च भरली. गेल्या खेपेला तिनं मुद्दाम येड्यासारखं खेळून पाहिलं. तरी जिंकली. त्यानंतर तिच्या घशाखाली घास उतरेना. डोकं जाग्यावर आहे की तेही तोंडासारखं वाकडं झालंय, हे कळायचं कसं? जिला कुणी हरवतच नाही, तिनं ते तपासायचं कुठं?

आज तिनं खुंटीवरची कात्री काढून फडक्यात गुंडाळली होती आणि मांडीवर घेतली होती. हाही डाव पोरांनी असाच पदरात घातला, तर कात्री आपल्या हातानं मुलाला द्यायची आणि खिडकीशी खुर्ची ओढायची. पक्कं ठरलं होतं.

हातात चारही बदाम होते, त्यात एक्का. टेबलावर चार पानं उघडली होती, त्यांत दोन बदाम. शेवटचं पान बदाम आलं, की एकाच रंगाची पाच पानं जमून डाव तिचा. नाही आलं, तर हातात साधी जोडीसुद्धा नव्हती.

राहिली सून. ती दुकानात काजं करायची आणि दिवसाकाठी काजांपेक्षा कमी शब्द बोलायची. तिनं आपल्या पानांकडं पाहिलं, मग सासूकडं. टेबलाखालून नवऱ्यानं तिला पाय मारला. टेबल हललं, बटणं थरथरली.

"पाय आवरा हो," ती म्हणाली आणि ढिगाएवढी बटणं मोजून पुढं ढकलली. "पूर्ण पॉट, आई. येताय का बोला."

"अगं वहिनी!" लेक ओरडली. "आजारी माणूस आहे ते!"

"आजारी माणसाला पानं टाकता येतात ना?"

"गप गं," बाई लेकीला म्हणाली. "तिनं मला विचारलंय."

तिनं पानं छातीशी धरली. कित्येक महिने झाकून ठेवलेलं मशीन सुरू करावं, तसं डोकं आधी अडखळलं, कुरकुरलं, मग चाललं. चार बदाम बघून नवखा माणूस हुरळतो. पण कामाचे दोनच. उरलेल्या दोघांना आपणच मुठीत कोंडून बसलोय, ते आता टेबलावर कुठून येणार? बाहेर राहिले सात. न दिसलेली पानं चव्वेचाळीस. सहा वेळा वाट बघितली, तर एकदा लागेल. सून मागत होती ती किंमत द्यायची, तर तिनात एकदा तरी लागायला हवं होतं. कापड थोडं आणि गिऱ्हाईक जाडं. एवढ्यात कोट बसत नाही.

"टाकली," ती म्हणाली. हरताना तिला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

सुनेनं ढीग ओढून घेतला. ती आपली पानं गड्डीत सरकवणार, तेवढ्यात नवऱ्यानं ती उलटवली. दुर्री, तिर्री, पंजी, दश्शी. ना जोडी, ना रंग. मग त्यानं आईची पानं उलटवली आणि उभाच राहिला.

"आई! अगं, हिच्याकडे काहीच नव्हतं! तुझा नुसता एक्का भारी होता! चक्क फसवलं हिनं तुला!"

सून खाली मान घालून बटणं आकाराप्रमाणं लावत होती. "आई हिशेब करणार, हे ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "नाहीतर थाप मारून काय उपयोग होता?"

मुलाचे कान पुन्हा लाल झाले, आणि या वेळी पानं चांगली आली म्हणून नव्हे.

"लबाड कुठली!" बाई सुनेला म्हणाली. "फसवलंस मला. देव तुझं भलं करो गं पोरी." डोळे पुसायला तिनं आजूबाजूला काही शोधलं. जवळ दुसरं काही नव्हतं, म्हणून तिनं कात्रीवरचं फडकं सोडलं.