सायमीची एकोणतीस तारीख

"तोंड तरी धू," हिल्मा आत्या म्हणाली. "गोठ्यातून थेट निघालीस. बुटांना शेण आहे, बघ."

"बर्फात पुसलं जाईल," सायमी म्हणाली आणि गळ्यातली किल्ली झग्याच्या आत सारून बाहेर पडली. आत्या शाल गुंडाळत मागे धावली.

एकोणतीस फेब्रुवारीचा शनिवार होता. आमच्या फिनलंडात हा दिवस बाईचा. चार वर्षांतून एकदा बाईने पुरुषाला लग्नाचं विचारायचं. हो म्हणाला तर संसार. नाही म्हणाला तर त्याने तिला घागऱ्याचं कापड द्यायचं. कापड चुकवणाऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा नाही. पण खरी नाचक्की बाईचीच. कापड घरी आलं म्हणजे हिला नाकारली, हे गावभर झालं. म्हणून शहाण्या मुली आधी अंदाज घेतात आणि एकालाच विचारतात.

सायमीच्या यादीत नऊ नावं होती.

घाई तिला होतीच. ईस्टरला तिच्या भावाचं, ईवारीचं लग्न. येणारी वहिनी सायमीची खोली पावलांनी मोजून गेली होती, आईची शिलाई मशीन माळ्यावर टाका म्हणाली होती. ईवारीने सांगून टाकलं होतं, मार्चअखेर एक तर नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर पाद्रीबाईंकडे मोलकरीण म्हणून राहा.

"दुसऱ्याची भांडी मी घासणार नाही, दादा," सायमी म्हणाली होती. "मार्चमध्ये माझ्या स्वतःच्या दारात उभी राहीन."

पहिलं नाव एलिसचं. बँकेतला कारकून, केसांना तेल, गळ्याला टाय.

"हा?" आत्या कुजबुजली. "औषधवाल्याच्या मुलीशी याचं ठरल्यात जमा आहे गं!"

"जमा आहे. झालं नाही ना?"

सायमी सरळ बँकेच्या खिडकीशी गेली. "एलिस, माझ्याशी लग्न करतोस? तुझ्या आईला मात्र धाकट्याकडे राहावं लागेल. माझं तिच्याशी जमायचं नाही."

एलिसच्या हातातला टाक पडला. "नाही!"

"बरं. कापड गडद निळं पाठव."

शाळामास्तरांना तिने सांगितलं की रोज पहाटे पाच गाईंची धार त्यांनाच काढावी लागेल. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. "काळं नको, मला सुतक नाही," ती म्हणाली. "तपकिरी चालेल." बोटीच्या कप्तानाला म्हणाली, दारू आजपासून बंद. त्याचा नकार वाक्य संपायच्या आत आला.

"अगं, मागणी घालायला निघालीस की भांडायला?" आत्या धापा टाकत म्हणाली. "जिभेला हाड नाही तुझ्या. गेल्या खेपेला याच दिवशी पांघरुणात तोंड लपवून बसली होतीस, तेव्हा तरी बरी होतीस."

"त्या लाजेत चार वर्षं गेली, आत्या. आता एक दिवसही नाही घालवायचा."

दुपारपर्यंत आठ नकार झाले. पडद्याआडून बायका मोजत होत्या. मोजणाऱ्यांना काय, बोटं आपलीच.

नववा विहतोरी. घोड्यांचा व्यापारी, बायको जाऊन तीन वर्षं झालेली, घर दुमजली. तो लाकडं फोडत होता. सायमीने विचारलं. त्याने कुऱ्हाड खाली ठेवली, तिला डोक्यापासून शेणाच्या बुटांपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "करतो."

आत्या मटकन ओंडक्यावर बसली. सायमीने घाईने अट घातली.

"तुमच्या पहिलीचा फोटो भिंतीवरून उतरवीन."

"उतरव."

"माझी शेळी हिवाळ्यात घरात झोपते."

"शेळी तर तू नाताळात विकलीस!" आत्या म्हणाली. सायमीने तिच्या पायावर पाय दिला.

"झोपू दे," विहतोरी म्हणाला. "माझ्या भावापेक्षा कमीच घोरेल."

"हो म्हण गं कार्टे!" आत्या रडकुंडीला आली.

घरामागे सौनाचं, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराचं, धुराडं धूर सोडत होतं. शनिवारची वाफ तयार होत होती. सायमीने तिकडे पाहिलं.

"सौनात पहिली वाफ माझी. दर शनिवारी. तुम्ही माझ्यानंतर."

विहतोरीचे कान लाल झाले. "माझ्या आज्यापासून कोणी बाईच्या मागून आंघोळ केलेली नाही."

"मग नाही?"

"नाही म्हणजे नाही!"

"लोकरीचं द्या. चौकड्यांचं."

आत्या घरापर्यंत रडत आली. "दैव देतं आणि कर्म नेतं! दुमजली घर गं, चार गाई! आता घास पाद्रीबाईंची भांडी." सायमी झपाझप पुढे चालत राहिली.

आठवडाभर पुडकी येत राहिली. कप्तानाने भारीतलं लोकरी दिल्याचं कळलं, तशी एलिसच्या आईने दीडपट पाठवलं. चिक्कू म्हणवून कोण घेणार? मास्तरांनी अस्तरही जोडलं.

"नऊ नकार!" ईवारी म्हणाला. "आज्जीच्या काळातसुद्धा कोणी एवढे गोळा केले नसतील." सायमीने पुडकी पेटीत ठेवली आणि मशीनला तेल घालत बसली.

मार्चच्या तीस तारखेला ईवारीने तिची पेटी घसरगाडीवर चढवली. मशीनही तिने चढवायला लावली.

"पाद्रीबाईंकडे मशीन कशाला?"

"तू हाक रे घोडा."

चर्चच्या चौकात ती म्हणाली, "थांब." समोर दोरवाल्याचं जुनं दुकान होतं, वर्षभर बंद पडलेलं. सायमीने गळ्यातली किल्ली काढली आणि कुलपात फिरवली.

"अगं, याचं भाडं?"

"शेळी."

आत भिंतीशी एक फळी पालथी टेकवून ठेवली होती. तिने ती उलटी करून दाराबाहेर ठेवली. 'सायमीचे घागरे. कापड आमचं, शिलाई आमची.'

ईवारीने बोटाने रंग चाचपला. खडखडीत वाळला होता. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत तारीख होती, पाच जानेवारी.